हाताची बाग

भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या आमच्या कॉलनीत म्हाताऱ्या मंडळींनी मिळून भाजीपाला लावायचं ठरवलं, तेव्हा सेक्रेटरींनी मोठ्या उत्साहानं माती भुसभुशीत करायचं मशीन मागवलं. मी कडेला खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, "तो नळाजवळचा कोपरा तेवढा सोडा. तिथे मशीन घालू नका."

सेक्रेटरी रिटायर्ड इंजिनिअर. समोरच्याला सगळं समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. ते म्हणाले, "आजी, मशीन दोन मिनिटांत करून टाकेल. हातानं खणायचं म्हणजे कंबरडं मोडेल." मी म्हटलं, "मोडू दे. कोपरा सोडा." त्यांनी माझ्या सुनेकडे बघितलं, सुनेनं आभाळाकडे बघितलं, आणि कोपरा सुटला. माझ्या वयाच्या बाईशी वाद घालायला आता कोणी धजत नाही. म्हातारपणाचा हा एवढा एकच फायदा आहे आणि तो मी पुरेपूर घेते.

कोपरा कशासाठी हवा ते मात्र मी त्या दिवशी सांगितलं नाही. मशीनच्या घरघरीत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आम्ही नागपूरहून भोपाळला आलो ते छप्पनच्या थंडीत. राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि तिच्याबरोबर फायली, टेबलं, खुर्च्या आणि खुर्च्यांवर बसणारी माणसं, सगळंच गाडीत घालून भोपाळला रवाना झालं. आमचे हे त्यातल्या एका मधल्या प्रतीच्या खुर्चीवर बसत. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

क्वार्टर नवी कोरी होती. भिंतींना चुन्याचा वास, दारं अशी की लावायला दोघं लागावीत. एकासारखी एक घरं ओळीनं उभी. पहिल्या महिन्यात हे दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरले आणि एकदा तर तिथे चहा पिऊन आले. दोन ओळींच्या मागच्या बाजूला मोकळी जमीन होती. काळी माती, त्यात ठेकेदारानं टाकून दिलेली खडी, विटांचे तुकडे, आणि मधोमध सगळ्यांचा मिळून एक नळ.

बहुतेक घरांत एखादं तरी म्हातारं माणूस होतं. नागपूरचं भाड्याचं घर सोडल्यावर आईवडिलांना ठेवणार कुठे? मुलं सकाळी ऑफिसात जायची, सुना कामाला लागायच्या, आणि ही सगळी म्हातारी माणसं मागच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. गाडी चुकलेल्या माणसासारखे त्यांचे चेहरे असत. बोलणं नागपूरचंच चालायचं. तिथला भाजीबाजार, तिथलं देऊळ, तिथली थंडीसुद्धा इथल्यापेक्षा चांगली.

सासूबाई यात सगळ्यांच्या पुढे. भोपाळचं काहीही त्यांना आवडायचं नाही. "इथली डाळ शिजत नाही, अन् शिजली तर आळत नाही," हे त्यांचं रोजचं पालुपद. तलाव बघायला नेलं तर म्हणाल्या, "पाणी आहे. पाण्यात काय पाहायचं?" माझं त्यांच्याशी सुरुवातीला फारसं जमत नव्हतं. त्यांची जीभ तिखट आणि माझीही काही साखरेची नव्हती. पण चैत्रात मला दिवस गेल्याचं सगळ्यांना सांगितलं, आणि त्यांचं वागणं बदललं. जीभ तीच राहिली, पण आंबट काही केलं की पहिली वाटी माझ्यापुढे यायला लागली. माझी आई मी लहान असताना गेलेली. काकूनं वाढवलं, पण काकूला स्वतःची पाच. मला कोणी अशी पहिली वाटी वाढलेली आठवत नव्हती. तेव्हा स्पष्टच सांगते, मला सासूबाई हव्याशा वाटू लागल्या आणि बाळंतपणात त्या जवळ नसतील हा विचारही मला नको वाटायचा.

आणि तशीच वेळ येणार असं दिसत होतं. कारण ऋषिपंचमी.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी येणारा हा उपास आता फार थोड्या घरांत राहिलाय, म्हणून सांगते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही, घाण्याचं तेल नाही. जे आपोआप उगवलं किंवा माणसानं आपल्या हातानं खणून लावलं, तेवढंच. सगळ्या भाज्या एकत्र शिजवून एकदाच खायच्या. सासूबाईंच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे हे व्रत ओळीनं सात वर्षं करायचं आणि मग उद्यापन, म्हणजे व्रताची सांगता. मध्ये एक वर्ष चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांची सहा वर्षं झाली होती. हे सातवं.

नागपूरला काही अडचण नव्हती. तिथे परसात हातानं लावलेल्या भाज्या घेऊन बाया घरोघर यायच्या. भोपाळला भाताचं जमलं असतं. इथेही हलछठीच्या उपासाला बायका नांगरलेलं खात नाहीत, तळ्याकाठी आपोआप उगवणारे पसईचे तांदूळ तेव्हा बाजारात येतात. भाजीचं मात्र खरं नव्हतं. सासूबाईंनी भाजीवाल्याला विचारलं, "हे हातानं लावलेलं आहे काय?" तो म्हणाला, "हाँ अम्माँ, हाथ का है." मग त्यांनी टोपलीभर कांदे दाखवून विचारलं, "हे?" "ये भी हाथ का." त्यांनी तराजूकडे बोट दाखवलं. "वो भी हाथ का," म्हणाला. त्या तशाच घरी आल्या.

"मी श्रावणात नागपूरला चालली," त्यांनी जाहीर केलं. "मोठ्या भाऊजींकडे. तिथे पंचमी करीन, उद्यापन करीन."

माझे दिवस भाद्रपदात भरत होते. नागपूरला पंचमी झाली की मागोमाग महालक्ष्म्या, आणि महालक्ष्म्यांच्या घरातून कोण त्यांना हलू देणार? शिवाय त्यांचे गुडघे असे की एवढा प्रवास एकदा झाला तर झाला. तिकडून त्यांच्या या थोरल्या दिरांचे निरोपही यायचे, परक्या मुलखात कशाला राहता, इथेच या कायमच्या. सासूबाई एकदा गेल्या की परत येणार नाहीत हे मला कळत होतं आणि त्यांनाही. हे म्हणाले, "आईला जायचंय तर जाऊ दे." पुरुषांना किती सोपं असतं सगळं.

मी म्हटलं, "अहो आई, मागे एवढी जमीन पडली आहे. आपणच हातानं खणून लावली तर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू खणणार? सहाव्या महिन्यात?"

"मी नाही. तुम्ही."

मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण त्यांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कासोटा घट्ट करून त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या.

दोन दिवसांत आणखी दोघी येऊन मिळाल्या. शेजारच्या वर्धेच्या काकू, आणि ओळीतल्या पहिल्या घरातल्या तपकीर ओढणाऱ्या आजी. दोघींचंही हे व्रत असायचं आणि दोघींचीही हीच पंचाईत होती. भर उन्हाळा. पहाटे उठून खुरपं, कुदळ आणि एक पहार एवढ्यावर काम चालायचं. माती दगडासारखी. तपकीरवाल्या आजी दर दहा घावांनंतर तपकीर ओढायच्या आणि शिंकायच्या, त्यामुळे त्या कुठवर आल्या ते घरात बसून कळायचं. फावडं चालतं की नाही यावर एक सबंध दुपार वाद झाला. निकाल असा लागला की फावड्याला बैल लागत नाही, तेव्हा चालतं. खालच्या ओळीतले एक रिटायर मास्तर छत्री घेऊन यायचे आणि वाफे सरळ रेषेत आहेत की नाहीत ते सांगायचे. त्यांना कोणी विचारलेलं नसायचं.

आणि एक गंमत झाली. महिनाभरानं माझ्या ध्यानात आलं, मागच्या पायरीवर नागपूरचं बोलणं कमी झालं होतं. आता बोलणं खडीचं, मुळ्यांचं, नळाच्या सांडपाण्याचं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या पदराला गाठी मारून नागपूरहून बी आणलं होतं. एका गाठीत दोडका, एकीत लाल माठ, एकीत भेंडी, एकीत अंबाडी. काकूंकडे अळूचे कंद होते. नवऱ्याची बदली झाल्यावर मी माझ्या पेटीत साड्या भरल्या होत्या आणि या बायांनी कंद भरले होते.

हे सगळं एक माणूस रोज बघत होता. आमच्या ओळीच्या अगदी शेवटच्या क्वार्टरमध्ये एक ड्रायव्हर राहायचा, इथलाच, भोपाळचा. त्याचे वडील. नवाबीच्या काळात ते रियासतीच्या तबेल्यात होते. रियासत गेली, घोडे गेले, आणि हे आयुष्यभर पहाटे उठणारं माणूस दाढीला मेंदी लावून दारात खाटेवर बसून राहायचं. नागपूर सोडून आलेल्या आमच्या म्हाताऱ्यांसारखीच त्यांची गत. फरक एवढाच की ते आपल्या गावातून हललेच नव्हते. त्यांच्या पायाखालून गावच दुसरं झालं होतं.

ते सासूबाईंना "अम्माँ" म्हणायचे. सासूबाईंना याचा भारी राग. "हा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अन् मला अम्मा म्हणून राहिला!" मग त्यांनीही त्यांना "बाबा" म्हणायला सुरुवात केली, अगदी जोर देऊन. दोघंही एकमेकांना म्हातारं ठरवत होती आणि दोघंही मागे हटत नव्हती.

"अम्माँ, काय को हलाकान हो रिये हो आप लोग?" ते खाटेवरून विचारायचे. "इस उमर में मिट्टी कूट रिये हो."

"उपास का है बाबा," सासूबाई म्हणायच्या. त्यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही. बायकांचं व्रत परक्या पुरुषाला काय समजावून सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. तिथेच सगळं चुकलं.

जमीन खणून झाली, खडे वेचून झाले, वाफे पडले. ज्येष्ठ संपत आला, दोन चांगल्या सरी येऊन गेल्या. माती जरा सुकली की पेरायचं, असं ठरलं. त्या मधल्या दिवसांत सासूबाईंनी माझं डोहाळजेवण केलं. आषाढ लागण्याआधी उरकायचं म्हणून घाई होती. घर बायकांनी भरलेलं. मला हिरवी साडी, फुलांच्या वाड्या. वर्धेच्या काकू गाणं म्हणत होत्या आणि प्रत्येक कडव्यात सूर बदलत होत्या. मागून घुंगरांचा आवाज आला. "कोणाची बैलबंडी आली वाटते," तपकीरवाल्या आजी म्हणाल्या. बैलांना हाकल्याचा आवाज आला. कोणी उठलं नाही.

जेवणं झाल्यावर सासूबाई पत्रावळी टाकायला मागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. म्हणून आम्ही बघायला गेलो.

सगळी जमीन नांगरलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाफे नाहीत, आळी नाहीत, महिनाभराचं हातानं केलेलं काही शिल्लक नाही. नुसती नांगराची काळी तासं, नळाच्या कठड्यापर्यंत. कडेला बैलजोडी उभी होती, बाबांचा करोंद गावाकडचा भाचा कासरा धरून उभा होता, आणि बाबा मधोमध उभे, चेहरा नुसता फुललेला.

"लो अम्माँ!" ते म्हणाले. "अब आराम करो आप. पूरी जुतवा दी. ढेला तक नईं छोड़ा."

काकूंच्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि तिथेच थांबलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अच्छा किया बाबा," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छा किया." मग त्यांनी भाच्याला आत बोलावून जेवायला वाढलं. बैलांना पुरणपोळी दिली. बाबांच्या हातावर लाडू ठेवला. मी मात्र हिरवी साडी, फुलं, सगळ्यासकट न्हाणीघरात जाऊन रडले.

रात्री जेवताना त्या ह्यांना म्हणाल्या, "मोठ्या भाऊजींच्या पोराला कळव. रविवारी घ्यायला ये म्हणावं."

मी म्हटलं, "आपण बाबांना सांगू. दुसरीकडे खणू."

"त्याला एक शब्द सांगायचा नाही. चांगल्या मनानं केलं त्यानं. शपथ आहे तुला." मग म्हणाल्या, "अन् आता कोण खणणार? माझे हात पाहा. देवाच्याच मनात नसेल इथे राहायचं."

हात मी बघितले. तळव्याला फोड येऊन फुटले होते, त्यावर हळद लावलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढून काढली आणि झटकून उन्हात ठेवली. मला त्या ट्रंकेचा इतका राग आला की तिला लाथ मारावीशी वाटली.

मारली नाही. त्याऐवजी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी सरळ बाबांच्या खाटेपाशी गेले. शपथ मोडली, आणि इतक्या वर्षांत त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. माझं हिंदी तेव्हा यथातथाच. मी सांगितलं, की या उपासाला बैलाच्या मेहनतीचं चालत नाही. हातानंच खणलेलं लागतं. अम्माँ रविवारी नागपूरला जाणार, आणि मला आई नाही. शेवटचं वाक्य सांगायचं ठरवलं नव्हतं, आपोआप आलं.

बाबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "मतलब एक दिन जानवर का एहसान नईं लेना."

मी मान हलवली. मला स्वतःला ते असं कधी सुचलं नव्हतं. मी तर इतकी वर्षं फक्त बेचव भाजी म्हणून त्या दिवसाकडे बघत होते.

"और मैंने बैल ही घुमा दिये," ते म्हणाले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "जाओ बेटी. धूप में मत खड़ी रहो."

मला वाटलं, झालं. एका चांगल्या माणसाला उगाच दुःख दिलं आणि हाती काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठण ठण आवाज ऐकू यायला लागला. सासूबाई चूल पेटवत होत्या. मी खिडकीतून बघितलं. बाबांच्या दारापुढे घराला लागून एक पट्टी होती, मुरुमाची, ठेकेदारानं धुम्मस करून घट्ट बसवलेली. तिथे कोणी नांगर घातला नव्हता आणि घालणारही नव्हतं. बाबा कुठूनशी पहार आणून तिथे खणत होते. खणत कसले, मारत होते. घोडे सांभाळणारा माणूस तो, त्यांनी आयुष्यात खड्डा खणला नसावा. पहार सरळ उभी धरून वरून हाणायचे, ती टणकन उडायची, आणि तेही तिच्याबरोबर उडायचे.

सासूबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तू सांगितलंस."

"हो."

"शपथ घातली होती."

"घातली होती."

मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. बाहेर पुन्हा टणकन आवाज झाला, त्याच्यामागून बाबांचा खोकला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, पहार मोडेल त्याची," म्हणाल्या, आणि चूल तशीच टाकून तरातरा बाहेर गेल्या.

"बाबा! ऐसा नहीं खोदते ना! तिरपा मारो, तिरपा! पहले पानी डालो!"

"अम्माँ, आप अंदर जाओ. आप से बात नईं करनी. बताया काय को नईं मुझे?"

"तिरपा म्हटलं ना!"

दोघं एकमेकांवर अशी ओरडत होती की ओळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं. मी पुसत बसले आणि पुसता पुसता मला हसू आवरेना.

शनिवारपर्यंत बाबांनी चार हात जमीन खणली. आमचे हे ऑफिसला जायच्या आधी घागरीनं पाणी ओतायला लागले, बाबांचा ड्रायव्हर मुलगा ड्यूटीवरून आला की मुरूम उचलून टाकायला लागला. काकू मागच्या बाजूची चांगली माती टोपलीनं आणू म्हणाल्या, तर सासूबाईंनी नाही म्हटलं. ती बैलाची. मग नाल्याच्या काठची आणली. छत्रीवाले मास्तर आले आणि त्यांनी पट्टी वाकडी असल्याचं सांगितलं. बाबांनी त्यांच्या हातात कुदळ दिली. ते पुन्हा कधी वाकडी म्हणाले नाहीत.

रविवारी नागपूरहून पुतण्या आला. सासूबाईंनी त्याला जेवायला घातलं, त्याच्याकडे सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाल्या, "बी टाकून झालंय. आता पाणी कोण घालेल? पंचमी झाली की पाहू." ट्रंक उन्हातून उचलून मीच आत नेली. माझ्या अवस्थेत जड उचलायचं नसतं. पण रिकामीच होती, आणि ती खाटेखाली ढकलताना मला जे सुख झालं ते सांगून सोय नाही.

मागची नांगरलेली जमीन काही वाया गेली नाही. तिथे सगळ्यांनीच पेरलं. इतके दोडके आले की ऑफिसातले लोक ह्यांना येताना बघून दुसऱ्या दारानं जायचे. तिचं नाव बैलाची बाग पडलं. आणि बाबांच्या दारापुढची ती हाताची बाग.

पंचमीच्या दिवशी हाताच्या बागेतला माठ निघाला, अंबाडी निघाली, भेंड्या मूठभर, दोडके दोन, अळूची पानं तळहाताएवढी. तीन म्हाताऱ्यांना पुरेल इतकी भाजी झाली, बेताचीच. सासूबाईंनी पाटावर बसून पहिला घास घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. सातवं वर्ष पुरं झालं. मग एक वाटी झाकून त्यांनी माझ्या हाती बाबांकडे पाठवली.

बाबांनी चव घेतली. पुन्हा घेतली. "बेटी, इसमें तो कुछ डाला ही नईं. न मिर्च, न तेल."

"हेच असतं," मी म्हटलं.

"साल में एक बार ठीक है," ते म्हणाले आणि वाटी पुसून खाल्ली.

पुढल्याच आठवड्यात मला मुलगी झाली. सासूबाई माझ्या उशाशी होत्या. कळा असह्य झाल्यावर मी त्यांचा हात दाबला, तेव्हा तळव्यावरचे जुने घट्टे माझ्या हाताला लागले. बरं वाटलं, एवढंच मला त्या रात्रीतलं नीट आठवतं.

नागपूरला त्या गेल्या नाहीत. उद्यापनही झालं नाही. त्या वर्षी म्हणाल्या, "तू बाळंतीण, यंदा काहून? पुढच्या वर्षी करू." पुढच्या वर्षी अधिक महिना आडवा आला. मग एकदा सोयर आलं, एकदा सुतक. एकदा तर भटजी त्यांना पसंत पडला नाही, घाईत मंत्र म्हणतो म्हणून. वर्धेच्या काकूंचं उद्यापन झालं, तपकीरवाल्या आजींचं झालं. आमच्याकडे दर वर्षी पंचमी आणि दर वर्षी काहीतरी कारण. मी चिडवायची, "आई, तुमचे ऋषी कंटाळले असतील." त्या म्हणायच्या, "मोठी आली सांगणारी."

आणि दर वर्षी आषाढाच्या तोंडावर मागच्या दारात बाबा उभे राहायचे. दाढीला ताजी मेंदी, खांद्यावर पहार. "अम्माँ, इस साल किधर से खोदूँ?" सासूबाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून जागा दाखवायच्या. दोघांचं भांडण सुरू व्हायचं. माझी मुलगी त्या भांडणात मोठी झाली. मागच्या पायऱ्यांवर बसून तिकडच्या बाजाराच्या आठवणी काढणारं आता कोणी उरलं नव्हतं. नागपूरहून पत्र आलं की सासूबाई उत्तरात इथल्या दोडक्यांची हकिगत कळवायला सांगायच्या. डाळ मात्र शेवटपर्यंत शिजली नाही, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं.

मुलगी शाळेत जायला लागल्यानंतरच्या एका हिवाळ्यात बाबा गेले. थंडी बाधल्याचं निमित्त झालं. सासूबाई त्यांच्या घरी जाऊन बसून आल्या आणि आल्यावर आंघोळ करून गप्प झोपून राहिल्या. त्यानंतर हाताच्या बागेकडे कोणी फिरकलं नाही. माठ वाळून त्याचं बी तिथेच गळलं.

आषाढ आला. एका सकाळी सासूबाई घरात दिसेनात. मी मागच्या दारानं बाहेर जाऊन बघितलं तर त्या हाताच्या बागेत बसल्या होत्या, गुडघे दुखत होते म्हणून पाटावर. खुरप्यानं एवढीशी जागा उकरत होत्या, सुपाएवढी.

"आई, एवढ्यात काय होणार?"

"एका वाटीपुरतं होतं. पुरे." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "यंदा उद्यापन करून टाकू."

मला आश्चर्य वाटलं. "यंदा भटजी चालेल?"

"चालेल. कोणताही चालेल."

"सात वर्षं तर कधीच होऊन गेली. मग एवढे दिवस का नाही केलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जशी काही अगदीच बिनडोक आहे तसं.

"उद्यापन केलं असतं," त्या म्हणाल्या, "तर बाबा आषाढात काय करत बसला असता?"

मग त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि जरा सरकून मला जागा करून दिली.